आखाजीला नाल्याच्या पल्याड

खैरखेडं आणि सुरवाडं या दोन गावांच्या मध्ये एक नाला आहे. नाला एवढाच, की पावसाळ्यात म्हैस पोहते आणि उन्हाळ्यात कोंबडी पाय न भिजवता पार होते. खाली बंधारा आहे म्हणून चैत्र-वैशाखात तेवढ्याच जागी घोटाभर पाणी टिकतं. सुगंधाबाई जन्मली सुरवाड्याला आणि दिली खैरखेड्याला. लग्नाची वरात निघाली तेव्हा वाजंत्रीवाल्याचं एक गाणं पुरं होत नाही तोवर सासर आलं, असं लोक अजून सांगतात. रडायलाही बिचारीला वेळ मिळाला नाही. दोन हुंदके माहेरच्या काठावर दिले, उरलेले सासरच्या.

आता ती साठीकडे झुकलेली. बुटकी, काटक, आवाज असा की वावरातून हाक मारली तर गावातलं कुत्रं उठून बसावं. नवरा हेमराज तिच्या उलट. त्याला दोन गोष्टी आवडतात, एक चहा आणि दुसरी गप्प बसणं. थोरला भाऊ लीलाधर, गाव त्याला आबा म्हणतं. दोघा भावांच्या वाटण्या फार पूर्वीच झाल्या, पण अंगण एकच राहिलं. वाटणीत आबाला नाल्याकाठचं वावर आलं आणि हेमराजला त्याच्या मागचं. मागच्या वावरात जायचं तर आबाच्या बांधावरूनच जायचं. ही वाट कुठल्या कागदावर नाही. बाप मरताना बोलला, "बांधवरनी वाट दोन्ही भाऊस्नी," आणि तेवढ्यावर इतकी वर्षं भागलं.

सुगंधाबाईचं दिवसातलं निम्मं आयुष्य त्या वाटेवर जातं. सकाळी भाकरी घेऊन जाणं, दुपारी शेळ्या घेऊन, सांजेला डोक्यावर गवताचा भारा नाहीतर पऱ्हाटीची मोळी. बांधाला पाच-सहा निंबाची झाडं आहेत. आखाजीला गावच्या पोरी त्यांनाच झोके बांधतात. पण सुगंधाबाईला झाडांचं फार कौतुक नाही. झाड काय, दुसरीकडंही वाढतं. तिचं दुखणं वाटेचं होतं.

दुखणं सुरू झालं ते बबलूशेठ गावात आला तेव्हापासून. शेठचं हापीस धुळ्याला, देवपुरात. माणूस वाईट नव्हता. गोड बोलायचा, म्हाताऱ्यांच्या पाया पडायचा, चहाला नाही म्हणायचा नाही. त्याला नाल्याकाठी बंगल्यांची कॉलनी टाकायची होती, नाव 'निसर्गसुख'. त्यानं गुळगुळीत कागदावर चित्र छापून आणलं. चित्रात कारंजं होतं, गोऱ्या बायका कुत्री फिरवत होत्या आणि चारी बाजूंनी पांढरीशुभ्र भिंत. नालाही होता, पण त्यात निळं पाणी होतं आणि पाण्यात बदकं.

"हाई आपला नाला शे?" हेमराजनं चित्र उलटसुलट करून विचारलं. आयुष्यात त्यानं विचारलेल्या मोजक्या प्रश्नांपैकी हा एक.

आबानं नाल्याकाठचं वावर द्यायचं कबूल केलं. आजूबाजूच्या दोघा-तिघांनीही माना हलवल्या. तरण्या पोरांना वाटलं, कॉलनी झाली की दुकानं येतील, काम येईल. यात काही खोटं नव्हतं. पण सुगंधाबाईनं चित्रातली भिंत पाहिली आणि तिला दुसरं काही दिसेना. भिंतीच्या आत बांध गेला, बांधाबरोबर वाट गेली. मग मागच्या वावरात जायचं तर हायवेवरून, ट्रकांच्या कडेकडेनं, डोक्यावर भारा घेऊन.

तिनं गावात रान उठवलं. नळावर, गिरणीत, पापड लाटायला बसलेल्या बायकांत, जिथं तोंड उघडायला जागा मिळेल तिथं. बायका म्हणायच्या, "खरं शे व माय." पण वावर बायकांचं नव्हतं. वावर आबाचं होतं, आणि आबाशी ती बोलू शकत नव्हती.

म्हणजे भांडण होतं म्हणून नव्हे. आबा तिचा जेठ. जेठापुढं डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, त्याचं नाव तोंडात घ्यायचं नाही, त्याच्याशी समोरासमोर बोलायचं नाही, अशी त्या घरची रीत. लग्न झाल्यापासून ती जेठाशी एक शब्द बोलली नव्हती. मग कामाचं कसं चालायचं? म्हैस होती ना. जेठ अंगणात खाटेवर बसलेला असला की सुगंधाबाई म्हशीला सांगायची, जेठ ऐकायचा, आणि त्याला उत्तर द्यायचं असलं की तोही म्हशीलाच द्यायचा. या रीतीनं त्या घरात लग्नं ठरली, बोअर पाडली, घरावर स्लॅब पडला. मधल्या काळात चार म्हशी बदलल्या.

त्या दिवशीही तिनं वैरण टाकता टाकता सुरू केलं.

"माय, तुना मालकले सांग, नालावालं वावर इकी टाकं ते मी मागला वावरमा जाऊ कसी? हायवेवरून? तुले लई जावानं व्हई ते ट्रकमा बसाडू का?"

आबानं पान जुळवलं, चुना लावला. "तिले सांग, शेठनी शब्द दियेल शे. वाट ऱ्हाई. भीतले गेट ऱ्हाई. गेटमाईन ये, गेटमाईन जाय."

"गेट कोन उघाडी?"

"वाचमन."

"वाचमन कोना माणूस?"

आबानं पान तोंडात टाकलं. म्हैस दोघांकडं आळीपाळीनं पाहत होती.

मग आली आखाजी. खानदेशात अक्षय तृतीयेला आखाजी म्हणतात आणि दिवाळीपेक्षा तिचा थाट मोठा. सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, खापरावरचे मांडे होतात, आंब्याचा रस होतो, पितरांच्या नावानं घागर भरून तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात. पुरुष त्या दिवशी राजरोस पत्ते कुटतात, कुणी काही म्हणत नाही. आणि दुपार कलली की दोन्ही गावच्या पोरी-बायका गौराई बोळवायला नाल्यावर जमतात. खैरखेड्याच्या अलीकडच्या काठावर, सुरवाड्याच्या पलीकडच्या. गौराई पाण्यात सोडली की सुरू होतो बार.

बार म्हणजे दोन गावच्या बायकांनी काठावर उभं राहून एकमेकींच्या गावाला गाण्यातून शिव्या देणं. त्यांनी एक कडवं फेकायचं, यांनी दुसरं. ज्या बाजूला उत्तर सुचलं नाही ती हरली. हरलेल्या गावाला वर्षभर तोंड वर करता येत नाही. बाजारात, लग्नात, रिक्षात, कुठंही कोणीतरी विचारतंच, "काय मग, यंदा मुके झाले होते का?" आणि एक नियम पक्का. बारात बोललेलं बाराबरोबर पाण्यात जातं. त्याचा राग धरायचा नाही, धरला तर तुमचीच लाज.

बारात बाजू माहेराची असते. म्हणून सुगंधाबाई वर्षभर खैरखेड्याची सून असली, तरी आखाजीच्या दुपारी नवी साडी नेसून, नाला ओलांडून पलीकडं जायची आणि तिथून स्वतःच्या सासरच्या गावाला मनसोक्त शिव्या द्यायची. तिच्यासारखी दुसरी नव्हती. फक्त स्वतःच्या घरावर ती कधी कडवं रचत नसे. तेवढं कुंपण तिनं आपल्या हातानं घातलेलं होतं.

आता बबलूशेठची गंमत पहा. त्याला मोठा मुहूर्त हवा होता. पंचांग पाहिलं, अक्षय तृतीया निघाली, त्यानं भूमिपूजन ठरवलं. आखाजीला, दुपारी, नाल्याच्या काठावर. दुसऱ्या दिवशी एक मे, ग्रामसभा. तिथं गावाची ना-हरकत घ्यायची म्हणजे झालं. शेठ शहरात वाढलेला, त्याला बार काय ठाऊक. आणि गावानं सांगितलं का नाही? काही जणांना वाटलं, शेठला माहीतच असेल. बाकीच्यांना वाटलं, न सांगण्यात जास्त मजा आहे.

सकाळी हेमराजनं चहाचा कप खाली ठेवला. "औंदा तू आठेच थांब."

"काब्र?"

"बठ्ठं गाव म्हनी, सुगंधा भूमिपूजनना दिवसले पयी गई. आठे उभी राहीसन बोल ना, काय बोलानं ते."

"आठे मी सून शे. आठे उभी राहीसन काय बोलू, म्हैस कोठून आनू तठे?" तिनं साडीच्या निऱ्या झटकल्या. "बार म्हंजे बार. बाजू मायेरनी."

हेमराजनं उरलेला चहा पिऊन टाकला आणि पत्ते खेळायला गेला.

दुपारी नाल्याकाठी मांडव पडला होता. लाल गालिचा, भोंगा, आबाला बसायला सोफा. आबाच्या डोक्याला फेटा, समोर नारळ आणि कोरी कुदळ. धुळ्याहून एक बस भरून गिऱ्हाईकं आली होती, बायकापोरांसकट. बबलूशेठनं दोन्ही काठांवर बायका जमताना पाहिल्या आणि त्याचा ऊर भरून आला.

"आबा, लेडीज पब्लिक किती आलंय बघा. तिकडच्या गावचंसुद्धा."

"हां," आबा म्हणाला, आणि त्यानं फेटा जरा सारखा केला.

शेठनं पोरांच्या हाती पलीकडच्या काठावर मठ्ठ्याचे ग्लास पाठवले. सुरवाड्याच्या बायकांनी मठ्ठा पिऊन ग्लास पालथे घातले आणि बाराला उभ्या राहिल्या. पुढं सुगंधाबाईच्या भावाची पोर दीपमाला, कॉलेजात शिकणारी, आत्याचाच गळा घेऊन आलेली. अलीकडं, खैरखेड्याच्या बाजूनं, पुढं होती शीतल. शीतल आबाची लेक, जळगावला पिंप्राळ्यात दिलेली, आखाजीला आलेली. म्हणजे काकू एका काठावर आणि पुतणी दुसऱ्या. असं दर वर्षीच असायचं.

दीपमालानं पहिलं फेकलं:

"खैरखेडंना नवरदेव व माय, डोयावर काया चश्मा,
हार घाले सासूना गयामा, मांडवमा तमाशा."

शीतलनं श्वासही घेतला नाही:

"सुरवाडंनी पोर व माय, मांडा कराले बसनी,
मांडा गया चुलामा, ती सासूवरच रुसनी."

दोन्ही काठ खदखदले. भोंग्यावर गुरुजींचे मंत्र चालू होते, ते कुणाच्या कानात शिरेनात. बसमधून आलेली गिऱ्हाईकं हळूहळू खुर्च्यांवरून उठली. तीही खानदेशातलीच माणसं. त्यांच्यातली एक जाडजूड बाई तर पर्स खांद्याला मारून खैरखेड्याच्या बायकांत जाऊन उभी राहिली. "मनं मायेर पारोळानं शे, पन मी तुमना बाजूथीन," असं सांगून ती टाळ्या द्यायला लागली. मांडवात शेवटी गुरुजी, शेठ आणि आबा एवढेच उरले.

कडव्यामागून कडवी गेली. सुगंधाबाई मागं उभी राहून दीपमालाच्या कानात पुरवत होती. तिची नजर मात्र मांडवाकडं. आबा उठला होता. गुरुजींनी कुदळ त्याच्या हातात दिली होती. एकदा ती मातीला लागली की गावच्या डोळ्यांदेखत सौदा झाला. उद्याची ग्रामसभा मग नुसती हात वर करायची.

"फुई, पुढलं सांग ना," दीपमाला मागं न वळता म्हणाली.

आत्यानं सांगितलं नाही. ती दीपमालाला बाजूला सारून स्वतः पुढं झाली, अगदी पाण्याच्या कडेला, आणि गळा मोकळा सोडला:

"गेटवर उभा वाचमन व माय, वाचमनना हातमा काठी,
लीलाधर उभा हात जोडी, सोताना वावरसाठी."

टाळ्या थांबल्या. दोन्हीकडच्या. बायकांनी तोंडाला पदर लावले. जेठाचं नाव. आख्ख्या जन्मात जे नाव तिनं पुटपुटलंही नव्हतं, ते भोंग्यापेक्षा मोठ्या आवाजात नाल्यावरून गेलं होतं.

सुगंधाबाईच्याही ते लक्षात आलं, पण निघून गेल्यावर. रचताना तिनं 'खैरखेडंना आबा' असं योजलं होतं. गाताना जिभेनं आपलं केलं. पण बारात उभी राहिलेली बाई मागं सरत नाही, म्हणून ती तशीच कमरेवर हात देऊन उभी राहिली.

आता उत्तर शीतलनं द्यायचं. बापाचं नाव निघालं होतं, म्हणजे उत्तरही तसंच झणझणीत हवं. तिनं "सुरवाडंनी..." म्हणून सुरुवात केली आणि तिला हसू फुटलं. ती दाबायला गेली तर आणखी फुटलं. कारण काकूनं हे काही हवेतून आणलं नव्हतं. मागल्या दिवाळीला आबा बाजरीची पिशवी घेऊन लेकीकडं पिंप्राळ्याला गेला होता, तेव्हा तिच्या सोसायटीच्या वॉचमननं त्याला गेटवरच अडवलं होतं. "कोणाकडं? फोन लावा. नाव लिहा." शीतल अंघोळीला गेलेली, फोन कोण उचलणार. आबा पिशवी पायाशी ठेवून हात बांधून उभा, आणि आत येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना सलाम झडत होते. हे शीतलनंच काकूला सांगितलं होतं, पोट धरधरून. आबानं मात्र कुणालाच सांगितलं नव्हतं.

शीतल हसत हसत खालीच बसली. पारोळ्याची बाई तिला ढोसत होती, "अवं बोल काहीतरी, हरशीन ना." शीतलला बोलता येईना. पलीकडं दीपमालानं उत्तराच्या मुदतीच्या टाळ्या मोजल्या आणि सुरवाड्याचा काठ एका गळ्यानं ओरडला. खैरखेडं बार हरलं.

निंबाखाली पत्ते कुटणाऱ्यांना भूमिपूजनाचं सोयरसुतक नव्हतं, पण हे ऐकून हातातले पत्ते खाली पडले. सगळे उठून काठावर आले.

"हरना? कसावर हरना?"

"आबाना वावरवर."

बातमी मांडवात पोचायची गरज नव्हती. आबानं सगळं ऐकलं होतं. कुदळ हातात धरून तो तसाच उभा होता. मग त्यानं कुदळ सोफ्याला टेकवून ठेवली, फेटा काढून मांडीवर घेतला आणि बसला.

"आबा, मुहूर्त चाललाय," बबलूशेठ म्हणाला.

"आखाजी शे शेठ. आखाजीले बठ्ठा दिवसच मुहूर्त ऱ्हास. कोठे पयी नही जास." मग त्यानं विचारलं, "शेठ, एक सांगा. तो वाचमन. तो माले कसा वयखी?"

"अहो, तुम्हाला कोण अडवणार? तुमचं नाव देऊन ठेवू आपण गेटवर."

"मनं नाव," आबा म्हणाला. "मना बांधवर."

शेठला यात काय चुकलं ते समजलं नाही. तो बोलत राहिला, पण आबाचं लक्ष नाल्याकडं होतं. तिथं बायका हातपाय धुऊन पांगत होत्या.

रीतीप्रमाणं सुगंधाबाई त्या रात्री माहेरी राहिली. भावजयीनं रस वाढला तर तिनं वाटी सरकवून ठेवली.

"राग धरता येस नही बारना," भावजय म्हणाली.

"बारना नही येस. नावना येस का नही, ते कोनी सांगेल नही."

सकाळी ती नाला ओलांडून थेट ग्रामसभेला गेली. घरी गेलीच नाही. शाळेच्या व्हरांड्यात झेंडावंदन होऊन सभा भरली होती. एरवी एक मेच्या सभेला कोरम भरायला शिपाई गल्लीगल्लीतून माणसं ओढून आणतो. त्या दिवशी बसायला जागा नव्हती. बार हरलेलं गाव होतं ते. सुगंधाबाई बायकांच्या मागच्या ओळीत, खांबाआड, पदर नाकापर्यंत ओढून बसली. पुढं बबलूशेठ नवा कडक शर्ट घालून बसलेला.

विषय निघाला. सरपंचबाईंनी विचारलं, कुणाला काही बोलायचं आहे का. आबा उठला. खाकरला.

"नालावालं वावर मी देत नही."

शेठ खुर्चीतून अर्धा उठला. "आबा, असं कसं? शब्द दिला होता तुम्ही."

"दियेल व्हता. तुमनी माफी मांगस. हायवेकडं मना तुकडा शे, तो पाहिजे ते ल्या, त्याले ना नही. पन नालाना बांध नही. बांधवरनी वाट मना बापनी दोन्ही भाऊस्ले दियेल शे, ती आज आठे लिखी ल्या. तोंडी नको आते." मग तो गावाकडं वळला. "आनि काय रे, आज मी वावर इकं, नि पुढला वरीस त्या सुरवाडंवाल्या परत गायन्यात, ते कोन उत्तर दी? तुमी दिशात?"

कुणी देणार नव्हतं. बाजारात सकाळीच दोघांना ऐकून घ्यावं लागलं होतं. कॉलनीसाठी माना हलवणारी तरणी पोरंही पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत बसली.

"हात वर करा," सरपंचबाई म्हणाल्या. "ना-हरकत देऊ नये, वाट लिहून घ्यावी, असं ज्यांना वाटतं त्यांनी."

हात वर झाले. हेमराजनंही केला, जरा उशिरा, पण केला. खांबाआडून एक हात बांगड्यांसकट वर आला. आबानं तिकडं पाहिलं नाही. पाहायची रीत नव्हती. पण बसताना त्यानं मिशीवरून हात फिरवला, आणि जवळ बसलेले सांगतात की मिशीखाली तो हसत होता.

बबलूशेठनं थोडी कुरकूर केली. मग त्याला आबाच्या घरी नेऊन मांडे आणि रस खाऊ घातला. तिसऱ्या मांड्याला तो हायवेच्या तुकड्याबद्दल विचारायला लागला आणि चौथ्याला त्याचा चेहरा पुरता निवळला. मांडे सुगंधाबाईनं केले होते.

सांजेला ती आणि शीतल शेळ्या घेऊन बांधावरून निघाल्या. पोरी अजून झोक्यावर होत्या. मांडवाचे बांबू निघाले होते, भोकं तेवढी उरली होती. एका भोकात शेळीचा पाय गेला. सुगंधाबाईनं शेळीला आणि शेठला मिळून एक शिवी दिली आणि चपलेनं माती लोटून भोक बुजवलं.

"काकू," शीतल म्हणाली, "तू आबानं नाव लिधं, लाज नही वाटनी तुले?"

"भलती वाटनी. रातभर डोयाले डोया नही लागना."

"मंग परत नाव नही लेशीन ना?"

मागून दोन शेळ्या सुगंधाबाईला ढकलून पुढं गेल्या.

"औंदानं औंदा झायं," ती म्हणाली. "पुढली आखाजी लोंग काही ना काही करतीनच तुना बाप. मंग देखू."